सल्ला आणि आज्ञा: विक्का पंथाच्या नीतिविचाराविषयी

‘विच’ या इंग्रजी शब्दाला मराठी प्रतिशब्द देताना लेखणी अडखळते. चेटकीण, डाकीण, हडळ हे सारे शब्द आरोपाचे आहेत. कोणा स्त्रीने आपण होऊन ते स्वतःला लावून घेतल्याचे आपल्या ऐकिवात नाही. ते तिच्यावर लादले जातात, आणि पुष्कळदा तिच्या जिवावर बेततात. ही केवळ गतकाळातील गोष्ट नव्हे. स्त्रीला ‘डायन’ ठरवून छळण्याच्या प्रथेविरुद्ध बिहारला १९९९ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला; महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा होण्यास २०१३ साल उजाडले. अशा समाजात राहणाऱ्या वाचकाला, विसाव्या शतकाच्या मध्यात इंग्लंडमधील काही सुशिक्षित स्त्रीपुरुषांनी हाच शब्द स्वखुशीने आपल्या अंगावर घेतला आणि त्याभोवती एक धर्म उभा केला, हे विचित्र वाटल्यावाचून राहणार नाही. म्हणून पुढील विवेचनात त्या पंथाला ‘विक्का’ आणि त्याच्या अनुयायांना ‘विक्कन’ असेच म्हटले आहे. ‘विक्का’ हाही मूळचा जुन्या इंग्रजीतील, जादूटोणा करणाऱ्या पुरुषाचा वाचक शब्द आहे; पण आपल्या कानांना त्यातून किंकाळी ऐकू येत नाही, एवढा तरी त्याचा उपयोग.

या पंथाकडे माझे लक्ष वेधले ते त्याच्या विधींमुळे नव्हे. चंद्रोत्सव, वर्षातील आठ सण, देव आणि देवी यांची जोडी, रेखलेले वर्तुळ यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला कुतूहल वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. या धर्माला सर्वमान्य धर्मग्रंथ नाही, प्रेषित नाही, पापांची यादी नाही. आणि ज्याला त्याचे नीतिसूत्र म्हणतात ते अवघ्या आठ इंग्रजी शब्दांत मावते. ज्याने कोणाचेही अहित होत नाही ते आपल्या इच्छेनुसार करावे, असा त्याचा आशय. एवढ्याशा आधारावर माणसाचे नैतिक जीवन उभे राहू शकते काय?

पंथाचे प्रवर्तक जेराल्ड गार्डनर (१८८४–१९६४) हे तसे संन्यस्त वृत्तीचे गृहस्थ नव्हते. तारुण्यात सिलोनमधील चहाचे मळे, मग बोर्निओ, मलायातील रबराचे मळे आणि अखेर तेथीलच जकात खाते अशी त्यांची पोटापाण्याची वाटचाल झाली. मलायी ‘क्रिस’ व अन्य शस्त्रांवरील त्यांचा ग्रंथ १९३६ सालचा. त्याच वर्षी ते निवृत्त झाले. दक्षिण इंग्लंडमधील न्यू फॉरेस्ट परिसरातील एका गुप्त मंडळात १९३९ मध्ये आपल्याला दीक्षा मिळाली, असे ते सांगत. १९५१ मध्ये ब्रिटनमधील १७३५ चा चेटूकविषयक कायदा रद्द झाला. (त्या कायद्याची गंमत अशी की, तो चेटूक करणाऱ्यांपेक्षा चेटूक करता येते असे भासवणाऱ्यांच्या विरुद्ध होता, अठराव्या शतकातील बुद्धिवादाने चेटकाचे अस्तित्वच अमान्य केले होते.) कायद्याचा अडसर गेल्यावर १९५४ मध्ये गार्डनर यांनी या गुप्त धर्माची ओळख करून देणारे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी असा दावा केला की, हा धर्म ख्रिस्तपूर्व काळापासून लपतछपत चालत आलेला आहे. या दाव्याला मार्गारेट मरे या विदुषींनी १९२१ मध्ये मांडलेल्या उपपत्तीचा आधार होता. ती उपपत्ती इतिहासकारांनी पुढे टाकून दिली. रोनल्ड हटन यांचा १९९९ सालचा ग्रंथ प्रसिद्ध झाल्यानंतर तर, विक्का ही विसाव्या शतकाची निर्मिती आहे, हे पुष्कळ विक्कनांनीही मान्य केले. चेटकाच्या आरोपावरून युरोपात नव्वद लाख माणसे मारली गेली, असेही या मंडळींत एकेकाळी श्रद्धेने सांगितले जाई. आजचे अभ्यासक हा आकडा साधारणपणे चाळीस ते पन्नास हजार मानतात. चाळीस हजारही थोडे नव्हेत. मृतांची संख्या फुगवल्याने त्यांच्या दुःखाला अधिक न्याय मिळतो, असे ज्यांना वाटले त्यांचा हेतू समजण्यासारखा आहे, पण तो हेतू सत्याला पर्याय ठरत नाही.

तेव्हा प्राचीनतेचा आधार गेला. आप्तवाक्य नाही, परंपरा नाही. मग नियमाला अधिकार कोठून येतो? या प्रश्नाची पंथाच्या इतिहासातच एक बोलकी घटना आहे. गार्डनर यांच्या मंडळातील प्रमुख पुजारीण डोरीन व्हॅलिएन्टे (१९२२–१९९९) आणि त्यांचे काही सहकारी गार्डनर यांच्या प्रसिद्धीच्या हव्यासाने अस्वस्थ झाले होते. १९५७ मध्ये त्यांनी पंथाच्या कारभारासाठी काही नियम लिहून गार्डनर यांच्यापुढे ठेवले. गार्डनर यांचे उत्तर असे आले की, नव्या नियमांची गरजच नाही, कारण पंथाचे प्राचीन कायदे अस्तित्वात आहेत. आणि त्या कायद्यांची प्रतही त्यांनी धाडून दिली. भाषा जुन्या वळणाची होती. त्यात एक कलम असे होते की, पुजारिणीने योग्य वेळी तरुण स्त्रीसाठी आपली जागा आनंदाने सोडावी. इतकी वर्षे हे कायदे कोणाच्या दृष्टीस कसे पडले नाहीत, असा प्रश्न व्हॅलिएन्टे यांना पडला, आणि त्याचे उत्तर त्यांना सहज सुचले. त्या आणि त्यांचे सहकारी बाहेर पडले.

याच व्हॅलिएन्टे यांनी १९६४ च्या ऑक्टोबरमध्ये एका भोजनप्रसंगीच्या भाषणात पंथाचे नीतिसूत्र आठ शब्दांत सांगितले. आज जगभर प्रचलित असलेल्या स्वरूपात त्याची पहिली नोंद तीच. या सूत्राला ‘रीड’ म्हणतात. ‘रीड’ हा जुना इंग्रजी शब्द. त्याचा अर्थ सल्ला, मसलत. कायदा घेऊन आलेल्या वडीलधाऱ्याला नाकारणाऱ्या स्त्रीच्या तोंडी सात वर्षांनी आले ते सल्ल्याचे शब्द, हा योगायोग असेल. पण मला तो अर्थपूर्ण वाटतो. आज्ञा मोडली की माणूस अपराधी ठरतो आणि त्याला शासन करणारा कोणीतरी गृहीत धरावा लागतो. सल्ला न मानणारा अपराधी ठरत नाही; तो परिणामांच्या स्वाधीन होतो, एवढेच. सल्ल्याला ऐकणाऱ्याच्या बुद्धीची गरज असते.

या सूत्राचा पूर्वज कोण, याचा शोध घेताना मात्र गंभीर चेहरा ठेवणे कठीण जाते. गार्डनर यांनी १९५९ च्या पुस्तकात या नीतीची तुलना राजा पोझोलच्या नीतीशी केली आहे. हा राजा पिएर लुई या फ्रेंच लेखकाच्या १९०१ सालच्या एका विलासी, विनोदी कादंबरीचा नायक. त्याच्या राज्यात कायद्याची कलमे दोनच: शेजाऱ्याला अपाय करू नये, आणि हे कळल्यावर मनाला येईल ते करावे. दुसरीकडे, अॅलिस्टर क्रोली यांनी १९०४ पासून स्वेच्छेचा जो उद्घोष केला, आणि त्याच्याही मागे रॅब्ले यांनी सोळाव्या शतकात रंगवलेल्या थेलेम मठाचा जो एकमेव नियम, त्यांचा वारसाही या सूत्रात उघड दिसतो. धर्माचे नीतिसूत्र चावट कादंबरीच्या अंगणातून आले, म्हणून काहींनी नाके मुरडली. मला त्यात गैर वाटत नाही. विचार कोठून आला यापेक्षा तो किती भार पेलतो हे पाहावे.

भार पेलण्याच्या दृष्टीने सूत्रातील दोन शब्द तपासले पाहिजेत. पहिला ‘इच्छा’. मराठीत लहर, वासना, इच्छा, संकल्प अशी चढती श्रेणी आहे. इंग्रजीतील एकच शब्द यांतील शेवटच्या दोन पायऱ्यांवर सारखाच वावरतो. क्रोली आणि त्यांचे अनुसरण करणारे विक्कन यांच्या मते येथे अभिप्रेत आहे तो संकल्प, म्हणजे माणसाच्या अंतर्यामीचा खरा कल. वरवरची लहर नव्हे. असा अर्थ घेतला की परवानगीसारखे वाटणारे वाक्य एकदम कठोर होते. आपल्याला खरोखर काय हवे आहे हे ओळखणे कोणत्याही निषेधाचे पालन करण्यापेक्षा अवघड आहे, हे ज्याने प्रयत्न केला त्याला ठाऊक असते.

दुसरा शब्द ‘अहित’. येथे आपल्याला मिलची आठवण होणे स्वाभाविक आहे. स्वातंत्र्यावरील १८५९ च्या निबंधात त्याने अपायाचे जे तत्त्व मांडले ते आगरकरांसारख्या सुधारकांमुळे मराठी वाचकाच्या परिचयाचे झाले आहे. पण साम्य वरवरचे आहे. मिलचा प्रश्न समाजाने व्यक्तीवर कोठवर सत्ता चालवावी हा होता. व्यक्तीने स्वतःचे अहित केले तर तेथे समाजाचा अधिकार पोचत नाही, असे तो म्हणतो. विक्कन सूत्र समाजाशी बोलतच नाही. ते एकट्या माणसाशी बोलते, आणि ज्यांचे अहित करू नये त्यांत पुष्कळ विक्कन स्वतःलाही धरतात. स्वतःची झीज करून, स्वतःला पायपुसणे करून केलेली सेवा त्यांच्या हिशेबी निर्दोष ठरत नाही. त्यागाला पुण्य मानणाऱ्या परंपरेत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हा मुद्दा थोडा टोचतो, आणि टोचावा असे मला वाटते. विशेषतः हा त्याग बहुधा कोणाच्या वाट्याला येतो हे लक्षात घेता.

तथापि तर्काच्या कसोटीवर सूत्रात एक मोठी पोकळी आहे. निरुपद्रवी कृत्य खुशाल करावे, एवढेच ते सांगते. जेथे दोन्ही बाजूंनी कोणाचे तरी अहित होणारच आहे तेथे काय करावे, याविषयी ते मौन पाळते. आणि आयुष्यातील खरे पेच तेथेच असतात. या पेचाचे उत्तम उदाहरण गार्डनर यांनीच सांगून ठेवले आहे. त्यांच्या कथनानुसार १९४० मध्ये, हिटलरच्या आक्रमणाची भीती असताना, न्यू फॉरेस्टमधील मंडळी रात्री अरण्यात जमली आणि त्याच्या मनात ‘समुद्र ओलांडणे अशक्य आहे’ असा विचार उत्पन्न व्हावा म्हणून त्यांनी विधी केला. त्या श्रमाने काही वृद्ध साधक पुढे दगावले. या कथेला स्वतंत्र पुरावा नाही. परंतु कथा म्हणून ती विचार करायला लावते. विधी हिटलरच्या मृत्यूसाठी नव्हता, केवळ त्याचे मन वळवण्यासाठी होता, हा भेद सांगणाऱ्याला महत्त्वाचा वाटला आहे. पण दुसऱ्याच्या मनात त्याच्या नकळत विचार पेरणे हे अहित नव्हे काय? आणि साधकांनी स्वतःचे प्राण वेचले, ते ‘कोणाचेही’ यात मोडत नाहीत काय? सूत्राची अक्षरे धरली तर ती रात्र दोषास्पद ठरते. आणि तरीही त्या रात्री घरी झोपून राहणाऱ्याला आपण अधिक नीतिमान म्हणणार नाही.

पंथाची दुसरी प्रसिद्ध श्रद्धा ‘त्रिगुण परताव्या’ची: आपण जे जगात सोडतो ते तिपटीने आपल्याकडे परतते. तिच्यावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. गार्डनर यांच्या १९४९ च्या कादंबरीत दीक्षेच्या प्रसंगी, जे मिळाले त्याच्या तिप्पट परत करावे असा एक विधीतील संकेत आहे. साधकाच्या या कर्तव्याचा पुढच्या पिढीने विश्वाचा नियम करून टाकला. थिऑसॉफीमार्फत पश्चिमेत पोचलेल्या कर्मविचाराचेही त्यावर कलम झाले. पण आपल्याकडील कर्मविचाराला जन्मजन्मांतरीचा पट असतो आणि त्यातून सुटण्याची आस असते. येथे सावकारी व्याजाचा दर तेवढा उरतो. तिप्पट फेड होईल म्हणून जो दुसऱ्याला दुखवीत नाही तो हिशेबी आहे, सद्गुणी आहे की नाही ते सांगता येत नाही. कित्येक विचारी विक्कनांनीही ही श्रद्धा बाजूला ठेवली आहे किंवा तिला रूपक मानले आहे.

अमेरिकेत गेल्यावर पंथाला आपली तत्त्वे कागदावर मांडावी लागली. १९७४ मध्ये मिनिआपोलिस येथे अमेरिकन विक्कनांच्या एका परिषदेने तेरा तत्त्वांचे निवेदन स्वीकारले. निसर्गाशी सुसंवाद आणि त्याविषयीचे उत्तरदायित्व, निरपेक्ष दुष्टतेच्या कल्पनेचा अस्वीकार, सैतानाच्या उपासनेशी काहीही संबंध नसल्याचा निर्वाळा, अधिकारशाहीचा नकार असे त्यातील प्रमुख मुद्दे. त्याच वर्षी परिषद विसर्जित झाली, निवेदन उरले. १९८६ मध्ये तेथील एका अपील न्यायालयाने विक्का हा धर्म असल्याचे मान्य केले, आणि २००७ मध्ये दिवंगत सैनिकांच्या स्मृतिशिलेवर पंथाचे पंचकोणी ताऱ्याचे चिन्ह कोरण्यास शासनाची अनुमती मिळाली. राज्यसंस्थेला धर्म ओळखायचा तर तिला यादी लागते. पंथाने ती दिली, आणि आपसांत मात्र तिच्यावर वाद घालणे चालू ठेवले.

येथवर वाचून बुद्धिवादी वाचक विचारील, की मुळात जादू चालतच नाही, तर तिच्या नीतीची चर्चा कशासाठी? जादू चालते असे मलाही वाटत नाही. पण या चर्चेचे मोल जादू चालण्यावर अवलंबून नाही. प्लेटोने गायजेसची अंगठी कल्पिली होती: ती फिरवली की माणूस अदृश्य होतो, मग न्यायाने वागण्याचे त्याला कारण काय उरते? मंत्रसामर्थ्यावर खरोखर विश्वास ठेवणाऱ्या माणसाच्या बोटात ही अंगठी रोजच असते. त्याने बंद दाराआड काय इच्छिले हे कोणास कळणार नाही; कायद्याने ते सिद्ध होणार नाही; त्याच्या धर्मातला देव दंड घेऊन बसलेला नाही. अशा माणसाने स्वतःला कोठे आणि कसे आवरावे, हा प्रश्न त्याच्यापुरता पूर्णपणे खरा आहे.

याच प्रश्नाच्या उत्तरात या पंथाने, माझ्या मते, आपला सर्वांत मोलाचा विचार घडवला. आपल्याकडील तंत्रग्रंथांनी शांती, वशीकरण, स्तंभन, विद्वेषण, उच्चाटन आणि मारण अशी षट्कर्मे सांगितली. त्यांतील मारण त्याज्य आहे हे कोणीही म्हणेल. विक्कन आचारात बहुतेक ठिकाणी वशीकरणही त्याज्य मानले जाते: अमुक व्यक्तीने आपल्यावर प्रेम करावे म्हणून केलेला प्रयोग तिची इच्छा हिरावून घेतो, म्हणून तो अपायच. पण ते एवढ्यावर थांबत नाहीत. अनेक विक्कन शांतिकर्मालाही हीच अट लावतात. आजारी मित्र बरा व्हावा म्हणून विधी करायचा असेल तर आधी त्या मित्राला विचारावे. तो नको म्हणाला तर करू नये. वाईट करण्यासाठी संमती मागण्याचा प्रश्नच नसतो. भले करण्यासाठीही ती मागावी, हे मी दुसऱ्या कोणत्या धर्मात इतक्या ठळकपणे पाहिले नाही. शाप देण्याची ताकद गमावलेल्याला बरे करण्याचीही ताकद उरत नाही, असे म्हणणारा गटही पंथात आहे, आणि अन्याय झालेल्यांच्या बाजूने तो बोलतो म्हणून त्याचे म्हणणे झटकून टाकता येत नाही. परंतु संमतीच्या आग्रहाने ज्या जागी बोट ठेवले आहे ती जागा मला अधिक दुखरी वाटते. आईबाप, शिक्षक, समाजसुधारक, राज्यकर्ते यांनी न विचारता केलेल्या कल्याणाचा इतिहास लिहायला घेतला तर तो केवढा होईल!

हे लिहिताना मला माझ्या आईचा नवस आठवतो. शालान्त परीक्षेच्या वर्षी मी विषमज्वराने अंथरुणाला खिळलो होतो. ताप उतरेना, तेव्हा आई खंडोबाला नवस बोलली, की मुलगा उठला तर पाच सोमवती अमावास्यांना तो जेजुरीचा गड चढेल. चढायचे होते माझ्या पायांनी, आणि मला कोणी विचारले नव्हते. दोन वेळा मी तिच्याबरोबर गेलो. पुढे महाविद्यालयात आगरकर वाचले आणि तिसऱ्या वेळी साफ नकार दिला. विक्कन नीतीने पाहिले तर आईने आधी मला विचारायला हवे होते. पण मी तेव्हा शुद्धीवर नव्हतो. बेशुद्ध रुग्णाचे काय करावे, या प्रश्नावर विक्कनांचेही एकमत नाही. काहींच्या मते अशा वेळी काही करू नये. काही म्हणतात, तो स्वीकारील तरच पोचावे अशी अट घालून सदिच्छा पाठवावी, म्हणजे ती घेण्याचा किंवा न घेण्याचा त्याचा अधिकार राहतो. आईला यातले काही ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

उरलेल्या तीन सोमवतींना ती एकटीच गड चढली. परत आली की भंडाऱ्याची चिमूट घेऊन माझ्यासमोर उभी राही आणि हात तसाच धरून ठेवी. मी मान पुढे केली तर लावी. नाही केली, तर काही न बोलता भंडारा देवघरातल्या डबीत ठेवून देई आणि स्वयंपाकाला लागे.